करंगळीच्या शेजारी

"पण बारशाच्या आधी पडेल ना?"

आईचा आवाज बाथरूममधून आला. बादलीत नळ सोडलेला होता. त्या आवाजात आपलं बोलणं बाहेर जात नाही असं तिला वाटलं असणार. मी आतल्या खोलीत, कानांवरून रुमाल बांधून, बाळाला पाजत बसले होते. दार अर्धं उघडं होतं.

"पडंल ना," मालिशवाल्या मावशी म्हणाल्या. "तीन दिस लागतात, फार तर चार. उद्या बांधला तर बारशाला हात साफ. कोनाला पत्ता नाय लागनार."

"रडेल का फार?"

"पोर हाय. रडंलच."

मग नळ बंद झाला आणि दोघी गप्प झाल्या.

नाळ आदल्याच दिवशी पडली होती. त्यामुळे बोलणं कशाबद्दल चाललंय हे कळायला मला वेळ लागला नाही. माझ्या मुलीच्या डाव्या हाताला सहा बोटं होती, आणि उद्या सकाळी सहाव्याला दोरा बांधून ते पाडायचं माझ्या आईने ठरवलं होतं. तिने मला सांगितलं नाही. मी तिला विचारलं नाही. आमच्या घरात बऱ्याच गोष्टी अशाच होतात.

पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून मी बोरिवलीला आईकडे आले होते. सासर मुलुंडला. बारसं बाराव्या दिवशी आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये होतं आणि सासरची माणसं बाळाला तेव्हाच पहिल्यांदा नीट बघणार होती. सासूबाई हॉस्पिटलात येऊन गेल्या होत्या, पण तेव्हा बाळ दुपट्यात गच्च गुंडाळलेलं होतं. "झोपू दे, उठवू नका," म्हणून त्या नाक आणि भुवया तेवढ्या बघून गेल्या. त्या लिफ्टमध्ये शिरेपर्यंत आईने दुपट्यावरचा हात काढला नव्हता.

ते बोट पहिल्यांदा बघितलं नर्सने. बाळाला पुसता पुसता ती थांबली, डावा हात जरासा वर धरला आणि डॉक्टरांकडे बघितलं. डॉक्टरांनी मान हलवली. मला वाटलं, काहीतरी भयंकर झालंय. मग नर्सने तो हात माझ्या तोंडाजवळ आणला. करंगळीच्या बाहेरच्या बाजूला, देठासारख्या बारीक कातडीवर, शेंगदाण्याएवढं आणखी एक बोट होतं. "एकदम हेल्दी आहे बेबी," ती म्हणाली आणि हात पुन्हा दुपट्यात गेला.

नवऱ्याने आत आल्या आल्या दोन्ही हात बाहेर काढून बोटं मोजली. मग पुन्हा मोजली.

"अकरा," तो म्हणाला. "एक फ्री मिळालंय यार."

मी हसले नाही म्हणून तोही हसला नाही. जरा वेळाने तो तोंड धुऊन येतो म्हणाला आणि बराच वेळ आला नाही. आल्यावर त्याच्या पापण्या ओल्या होत्या. तोंड खरंच धुतलं होतं की काय, मी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी लहान मुलांच्या डॉक्टर आल्या तेव्हा तो चहा आणायला खाली गेला होता आणि आई घरी डबा करायला गेली होती. डॉक्टरांनी ते बोट दोन बोटांत धरून हलकेच फिरवलं. काही घाई नाही, म्हणाल्या. वर्षाची झाली की एक्स-रे काढू. काढायचंच ठरलं तर भूल देऊन नीट काढता येतं. नाही काढलं तरी तिचं काही अडणार नाही. "फक्त घरी कोणाला दोरा-बिरा बांधू देऊ नका. आत नस असते, कधी कधी हाडही असतं." मी मान हलवली. नवरा चहा घेऊन आला तेव्हा त्याला म्हटलं, "काळजीचं काही नाही म्हणाल्या." दोऱ्याचं सांगायचं राहिलं. आईला तर काहीच सांगितलं नाही. तिच्याशी त्याबद्दल बोलायचं म्हणजे त्याचं नाव घ्यावं लागलं असतं, आणि त्याला घरात कोणी बोट म्हणत नव्हतं. आई "ते" म्हणायची. "ते झाकलंय ना?" "ते दिसतंय बघ."

इंग्रजीत त्याला काय म्हणतात हे मला शाळेपासून माहीत होतं. बायोलॉजीच्या पुस्तकात एका चौकटीत तो शब्द होता, मी पेन्सिलने त्याच्याखाली रेघही मारली होती. पण तो शब्द परीक्षेपुरता होता. आपल्या मांडीवरच्या पोरीच्या हाताकडे बघून तो उच्चारायचा म्हणजे दुसऱ्याच कोणाच्या तरी मुलीबद्दल बोलल्यासारखं वाटायचं. आणि मराठीत मला त्याच्यासाठी शब्दच नव्हता.

आईने बाबांच्या जुन्या धोतराच्या मऊ कापडाचे हातमोजे शिवले होते, चार जोड्या. लहान मुलं नखांनी तोंड ओरबाडतात म्हणून सगळेच घालतात, त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं. पण पहिल्या दिवशी मोजे घालताना माझ्या लक्षात आलं की प्रत्येक जोडीतला डावा मोजा उजव्यापेक्षा अर्धं बोट रुंद आहे. आईने माप घेताना मी तिला बघितलं नव्हतं. कधी घेतलं कोण जाणे.

समोरच्या ब्लॉकमधल्या काकू बाळ बघायला आल्या.

"एवढ्या उकाड्यात मोजे? घामोळं उठेल गं."

"नखं फार लागतात हिची," आई म्हणाली.

"मग काप की."

"सव्वा महिना होऊ दे."

काकूंनी माझ्याकडे बघितलं. "सातव्या महिन्यात ग्रहण होतं ना? पाळलंस का नीट?"

मी पाळलं नव्हतं. ग्रहणाच्या दिवशी मी ऑफिसात होते आणि डब्यातलं सफरचंद सुरीने कापून खाल्लं होतं. त्या दिवशी आईने तीनदा फोन करून सांगितलं होतं, काही कापू नकोस, शिवू नकोस, सुई हातात धरू नकोस. मी हो हो म्हटलं होतं. हॉस्पिटलात तो हात बघितल्यापासून मी आईच्या तोंडून ग्रहणाची गोष्ट निघायची वाट बघत होते. चिरलेल्या फळाबद्दल ती विचारेल, मी खोटं बोलेन, तिला ते कळेल. पण तिने एकदाही विचारलं नाही. काकूंनी विषय काढला तेव्हाही ती म्हणाली, "ग्रहणाचं काही नसतं हो," आणि चहा टाकायला उठली. तीनदा फोन करणारी माझी आई. मला ते विचित्र वाटलं, पण मी ते तसंच ठेवून दिलं.

मुलुंडहून रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉल यायचा. हाताचं नवऱ्यानेही तिकडे अजून सांगितलं नव्हतं. फोन आई धरायची, आणि पोरीचा चेहरा, उजवा खांदा, फार तर पोट एवढंच त्यात येईल असा धरायची.

"विहीणबाई, बोटं दाखवा ना पोरीची," सासूबाई म्हणाल्या. "आमच्याकडे सगळ्यांची लांब. हार्मोनियमवाली."

"आत्ता मोजे घातलेत. उद्या दाखवते हां."

"काल पण उद्याच म्हणाला होतात."

"अहो, झोपलीय," आई म्हणाली. पोरीचे डोळे टक्क उघडे होते आणि ते स्क्रीनवर दिसत होतं.

चौथ्या दिवशी दुपारी आई जेवून आडवी झाली तेव्हा मी तो मोजा पहिल्यांदा स्वतः काढला. हात घामाने ओलसर होता, मुठीत एक धागा अडकला होता. मूठ उघडेना. मी माझं बोट बाजूने आत सरकवलं तशी ती उघडली आणि माझ्या बोटावर मिटली. केवढी ताकद होती त्या मिटण्यात. पाच बोटं माझ्या बोटाभोवती बसली. सहावं बाहेर राहिलं, पण तेही वाकलं. अगदी जरासं, बाकीच्यांनी मागे टाकलेल्या माणसाने चार पावलं टाकावीत तसं. मी बोट सोडवून घेतलं आणि पुन्हा दिलं. पुन्हा वाकलं.

आणि त्याला नख होतं. तिळाएवढं. खिडकीकडे हात नेऊन बघितलं तर नखाच्या मुळाशी फिकट चंद्रकोरही होती. मी बघत राहिले. नऊ महिने मी मेट्रोत उभ्याने जात होते, मीटिंगा करत होते, जिन्यात दम लागला की थांबत होते, आणि त्या सगळ्या वेळात माझ्याच पोटात, काळोखात, एका जास्तीच्या बोटालाही नख बसवण्याचं काम चाललं होतं. त्याची कडा गोल केली होती. जास्तीचं आहे म्हणून कुठे हात आखडला नव्हता. मला घरातले आवाज ऐकू यायचे बंद झाले. मी देवाला नमस्कार करते तो बहुतेक आईने सांगितलं म्हणून. त्या दुपारी मात्र मी कोणी न सांगता मान खाली घालून त्या नखाला ओठ लावले.

आई जागी झाल्याची चाहूल लागली तेव्हा मी मोजा पुन्हा चढवला. उलटा.

दोऱ्याचं बोलणं ऐकलं त्या दुपारी मी नवऱ्याला मेसेज लिहिला, 'आई उद्या दोरा बांधणार आहे,' आणि पुसून टाकला. त्याने लगेच आईला फोन केला असता, मग आई रडली असती आणि मी दोघांच्या मधे बसले असते. मला वाटलं, सकाळी मावशी आल्या की मीच सांगेन. संध्याकाळपर्यंत मी ते वाक्य पंचवीसएक वेळा जुळवलं. दर वेळी त्याची सुरुवात 'डॉक्टर म्हणत होत्या' अशी व्हायची, म्हणजे बोलणार डॉक्टर आणि मी फक्त निरोप देणार.

मावशी मनोरीहून यायच्या. खाडी ओलांडायची, मग बस, आणि साडेआठच्या ठोक्याला दारात. त्या आल्या की बाबा पेपर घेऊन खाली बागेत जाऊन बसायचे, कारण मालिशच्या वेळी घरात पुरुष नको. मावशींच्या हातांना मी आधी घाबरत होते. तळवे एवढे कडक की कपड्याला लागले तर सुताचे धागे निघावेत. पण तेल लागलं की तेच हात पोरीच्या पाठीवरून असे जायचे की ती ओठ चोखत झोपून जायची. डोकं गोल करायचं, नाकाचा शेंडा चिमटीत धरायचा, पाय पोटाशी दुमडायचे. या दोन हातांखालून किती पोरं गेली असतील, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाल्या, "मोजलीत कोनी? अर्धी लग्नाची झाली आता."

त्यांच्या रीतीप्रमाणे आधी बाळंतीण, मग बाळ. त्या सकाळीही त्यांनी मला चटईवर घेतलं. कंबर झाली, पाय झाले. बाळ शेजारी दुपट्यावर होतं. त्यांच्या पिशवीच्या तोंडाशी काळ्या रेशमाचा एक गुंडा दिसत होता. मी डोळे मिटून माझं वाक्य पुन्हा जुळवत होते.

मावशी डाव्या हातावर आल्या. मनगटापासून बोटांकडे तेल ओढत नेताना तळव्याच्या बाहेरच्या कडेवर, करंगळीच्या खाली, त्यांचा अंगठा थांबला. तिथे मला एक चामखीळ आहे, ज्वारीच्या दाण्याएवढं. आठवतंय तेव्हापासून आहे. त्यांनी ते दाबलं आणि कोपरापर्यंत झिणझिणी गेली.

"दुखतं?"

"चामखीळ आहे," मी म्हटलं. "लहानपणापासून. धक्का लागला की झिणझिणतं."

मावशींनी हात उजेडाकडे वळवला. मग बाळाचा मोजा काढून तिचा हात माझ्या हाताशेजारी धरला. माझ्या दाण्यावर बोट ठेवलं, मग बाळाच्या त्या बोटाच्या देठावर. जागा एकच होती. इंचाचासुद्धा फरक नाही म्हणावं तर इंच एवढा हात तरी कुठे होता तिचा.

"चामखीळ नाय हे, बाय," त्या म्हणाल्या. "बांधलेलं हाय."

आई ऊन पाण्याचं पातेलं घेऊन दारात उभी होती. तिने ते हळूच खाली ठेवलं, पदराने हात पुसले, पुन्हा पुसले.

"आई," मी म्हटलं, "चामखीळ आहे ना हे?"

"तुझ्या आजीने बांधला होता," आई म्हणाली. ती माझ्याकडे नाही, पातेल्याकडे बघत होती. "घाटकोपरला, चाळीत असताना. बारशाला मुंबईतली सगळी भावकी यायची होती. मी तेवीस वर्षांची. बाळंतीण. मला कोण विचारतंय."

मग ती थांबली. आपलं शेवटचं वाक्य तिच्याच कानावर पडलं असावं, कारण ती भिंतीला टेकून खाली बसली.

"किती दिवसांनी पडलं?"

"सहाव्या दिवशी. दुपटं झटकलं त्यात सापडलं. सुकलेली लवंग असते ना, तसं. गॅलरीत तुळशीचा डबा होता, तेलाचा. त्यात पुरलं मी."

त्या चाळीच्या जागी आता बावीस मजले आहेत. तिथून मी कितीदा रिक्षाने गेलेय.

"मी रडले?"

मावशींनी बाळाचा हात सोडला नव्हता.

"तीन दिवस," आई म्हणाली. "बाळंतिणीच्या कानात कापूस घालतातच गं. मी जरा जास्त घातला."

इतकी वर्षं तिने हे कोणाला सांगितलं नव्हतं. मी शाळेत असताना पेन्सिल धरली की हात झिणझिणतो म्हणून रडायचे, तेव्हा ती त्या जागेवर फुंकर घालायची आणि चामखीळ आहे, जाईल म्हणायची. ग्रहणाबद्दल तिने मला का विचारलं नाही, डावा मोजा न मापता तिला कसा शिवता आला, हे सगळं एकदम माझ्या समोर येऊन उभं राहिलं. मला राग येईल असं वाटलं होतं. मी वाटही बघितली. पण मी माझ्या हाताकडे बघत होते आणि तो मला पहिल्यांदा दिसत होता. माझ्याही बोटाला नख असणार. त्याच्याही मुळाशी चंद्रकोर असणार. ते पाडलं, पुरलं, त्यावर बावीस मजले चढवले, आणि तरी ते माझ्या आतून, कोणाला न विचारता, पुन्हा आलं. त्याच हाताला, त्याच कडेला. आजीचा दोरा तिथवर पोचलाच नव्हता. ज्याने ते नख बसवलं त्याला आमच्या बारशांची काही खबरच नव्हती.

"ताई, पानी गार व्हतंय," मावशी म्हणाल्या. त्यांनी पाय लांब पसरून पोरीला पायांवर घेतलं होतं. रेशमाचा गुंडा मांडीशी होता, पण अजून सोडला नव्हता. त्या आईकडे बघत होत्या. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. या घरात आल्यापासून असं विचारायला म्हणून त्यांनी माझ्याकडे बघितलं नव्हतं. "काय करायचं?"

मी उठून बसले. अंगावर तेल, केस मोकळे, साडी गुंडाळलेली. डॉक्टरांचं वाक्य तयार होतं. ते मी वापरलं नाही.

"दोरा नाही बांधायचा, मावशी," मी म्हटलं. "अंघोळ घाला नुसती."

मावशींनी गुंडा पिशवीत टाकला आणि तेलाची वाटी ओढली. त्यांनी इतक्या सहज टाकला की मला वाटलं, त्या बहुतेक त्याचीच वाट बघत होत्या. त्या पोरीच्या डाव्या हाताला तेल लावू लागल्या, एकेक बोट ओढून, सहाही.

"अगं पण चार दिवसांवर बारसं आलंय," आई म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता. "तुझ्या सासूबाई हात बघणार. चारचौघांत विचारणार, हे कुठून आलं. काय सांगू मी त्यांना?"

मी माझा डावा हात आईच्या मांडीवर ठेवला, कड वर करून.

"सांग, माझ्यावर गेलीय."